काडेपेटीएवढं लॉक आणि विंडोज ९८

बाबांच्या टेबलाच्या खणात काडेपेटीएवढं एक राखाडी लॉक वीस वर्षं पडून होतं. एका अंगाला पंचवीस पिना, दुसऱ्या अंगाला पंचवीस भोकं, मधे प्लास्टिकची डबी आणि तिच्यावर बाबांनी बॉलपेनने घातलेली तारीख, १२/९/९९. डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं, काम केलेला माणूस ते बघताक्षणी ओळखेल. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरची केबल लागते त्या पोर्टात आधी हे लॉक बसवायचं आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची केबल. ते जागेवर असलं तरच मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडायचं. लॉक हरवलं म्हणजे सॉफ्टवेअर हरवलं, म्हणून बाबा दुकान बंद करताना ते काढून खिशात घालून घरी आणायचे.

दुकान म्हणजे पुण्यात शनिवार पेठेतल्या एका वाड्यात जिन्याखालची खोली. लग्नपत्रिका, पीएच.डी.चे प्रबंध, दिवाळी अंकांची पानं असं सगळं तिथे जुळायचं. २००० साली बाबांनी तिथेच माझ्या आत्याच्या ओव्या टाइप केल्या. आत्या मुळशी आणि वेल्ह्याकडच्या शाळांमधून शिकवायची. जिथे बदली होईल तिथल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून ती वहीत उतरवून घ्यायची. तीन वह्या भरल्या. बाबांनी पेजमेकर नावाच्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची १४२ पानं लावली, आत्याने लाल शाईने दोन वेळा प्रुफं तपासली आणि मग छपाईचे पैसे उभे राहिले नाहीत. पुस्तक राहिलं ते राहिलंच.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. आत्याचं घर अरण्येश्वराजवळ, तळमजल्यावर. शेजारच्यांनी तिला वरच्या मजल्यावर नेलं म्हणून ती वाचली. वह्या पलंगाखालच्या ट्रंकेत होत्या. सगळं शाईपेनाने लिहिलेलं, त्यामुळे पाणी ओसरल्यावर हातात आली ती निळसर पडलेली कोरी पानं. त्यानंतर आत्याने ओव्यांचं नाव काढणंच सोडलं. यंदा आषाढात ती ८१ वर्षांची झाली, त्या दिवशी बाबा एकदम म्हणाले, "अगं, आपण टाइप केलेलं आहे की सगळं! सीडी आहे माझ्याकडे."

सीडी होती, आणि चालूही होती. २००१ साली राइट केलेली, कडेला थोडी बुरशी चढलेली. लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह लावून मी ती वाचली, सगळ्या फाइली निघाल्या. पण त्यातला मजकूर उघडून पाहिला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं, डोक्यावर टिंबं असलेले युरोपीय स्वर यांचा नुसता चिवडा. एकही मराठी अक्षर नाही.

याचं कारण आज तिशीत असलेल्यांना माहीत नसतं, म्हणून जरा थांबून सांगते. विंडोज ९८ ला देवनागरी येतच नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या ज्या सिस्टिममध्ये मराठी आतून आली ती विंडोज २०००. त्याआधी आपल्याकडच्या कंपन्यांनी एक युक्ती काढली होती. फॉन्टमध्ये अक्षरांच्या जागा २५६. त्या जागांवर इंग्रजी अक्षरांऐवजी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे: काना एका जागी, अर्धा त दुसऱ्या, रफार तिसऱ्या. कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजीच दाखवतोय, आणि डोळ्यांना मराठी दिसायचं. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाण १९९१ मध्ये ठरलेलं होतं आणि त्या कामात आपल्या पुण्याच्या सी-डॅकचा मोठा हात होता. पण डीटीपीच्या फॉन्टमध्ये कोणता तुकडा कुठल्या जागी ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवलं. म्हणून तो फॉन्ट नसला की मजकूर मुका होतो.

आमचा फॉन्ट बाबांच्या जुन्या हार्ड डिस्कवर होता, आणि ती डिस्क चालू केली की आतून 'कट्-कट्-कट्' एवढाच आवाज यायचा. सॉफ्टवेअरची मूळ सीडी मात्र बाबांनी कव्हरासकट जपली होती. नव्या लॅपटॉपवर ती चालेना, कारण तिचं इन्स्टॉलर १६ बिटचं आणि ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचा प्रोग्रॅम चालत नाही. लॅपटॉपमध्येच आभासी मशीन करून त्यात विंडोज ९८ घातलं तर इन्स्टॉलर सुरू व्हायचं आणि लॉक मागायचं. लॅपटॉपला तो पोर्टच नाही. यूएसबीवरून पॅरलल पोर्ट, म्हणजे तो प्रिंटरचा पोर्ट, देणारी केबल मिळते, मी आणलीही, पण ती फक्त प्रिंटरशी बोलते. ही जुनी लॉकं पोर्टाच्या ठरलेल्या पत्त्यावर, म्हणजे ३७८ वर, थेट जाऊन विचारतात आणि त्या केबलीत तो पत्ताच नसतो. ऑनलाइन कन्व्हर्टर वापरून पाहिले. साधे शब्द बरे उतरले, पण रफार आणि जोडाक्षरं जागा सोडून पळाली. ओवीत 'पर्वत' चा 'पवर्त' झाला तर काय उरलं?

तेव्हा ठरलं. खरं मशीन, खरा पोर्ट, खरं विंडोज ९८.

सुरुवात मी चुकीच्या मशीनवर केली. मेहुण्यांच्या ऑफिसातून २००६ च्या सुमाराचा एक कॉम्प्युटर निघत होता, मागे प्रिंटरचा पोर्ट होता, चालू स्थितीत होता. बाबांच्या जुन्या डबड्यापेक्षा तो कितीतरी वेगवान, म्हणून मला तोच सोयीचा वाटला. तीन दिवस गेले त्यात. ८० जीबीची डिस्क एफडिस्कला, म्हणजे डिस्कचे भाग पाडणाऱ्या अवजाराला, अकरा जीबीच्या आतबाहेर दिसली, कारण त्या काळच्या एफडिस्कचा आकडा ६४ जीबीला पुन्हा शून्यापासून सुरू होतो. मग मेमरी पुरेशी नाही म्हणून सेटअप बंद पडला, तेही १ जीबी रॅम असताना. विंडोज ९८ ला ५१२ एमबीच्या वर रॅम दिली की ते स्वतःच्या फाइल कॅशेसाठी पत्त्यांची इतकी जागा अडवून बसतं की बाकीच्या कामाला जागा उरत नाही. रॅमची एक पट्टी काढली, पुढे सरकलं. हार्डवेअर शोधताना थिजलं, तेव्हा बटणाने पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं. हा उपाय लक्षात ठेवण्यासारखा आहे: कुठे अडलं याची नोंद सेटअप डिस्कवर ठेवतो आणि पुढच्या वेळी 'सेफ रिकव्हरी' घेतली की तेवढी पायरी गाळून पुढे जातो. गुरुवारी दुपारी फॉरमॅट चालू असताना लाइट गेली, ते पुन्हा केलं. शेवटी विंडोज उठलं, पण सोळा रंगांत आणि ६४० बाय ४८० मध्ये. त्या मशीनच्या डिस्प्लेसाठी ९८ चा ड्रायव्हर कधी निघालाच नव्हता. बाबा शेजारी बसून बघत होते. पेजमेकरचं पान अर्धंच मावत होतं. ते म्हणाले, "यावर पान कसं लावणार? आपलंच मशीन काढ माळ्यावरून."

आपलं मशीन म्हणजे १९९९ मध्ये असेंबल करून घेतलेलं. सेलेरॉन, बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड, ६४ एमबीच्या दोन रॅम. वर पांढरट कॅबिनेट, आता पिवळं पडलेलं. ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढली, चालू केलं. पंखा फिरला, पडदा काळाच. बोर्ड बाहेर काढून खिडकीशी नेला तेव्हा दिसलं, प्रोसेसरच्या बाजूच्या कपॅसिटरांची डोकी फुगली होती, दोघांच्या डोक्यावर तपकिरी पापुद्रा धरला होता.

तपकीर गल्लीत एका जुन्या दुकानात गेले. पोटमाळ्यावर बसून दुरुस्ती करणाऱ्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला, बोर्ड तिरपा धरून एकदा पाहिला आणि म्हणाले, "ताई, ही सगळी लाइनच बदला. दोन बदलून उपयोग नाही, बाकीचे महिनाभरात जातील." नऊ कपॅसिटर बदलले. १०५ डिग्रीचे लावले, मूळचेही तसेच होते हे त्यांनी मला भिंगातून दाखवलं. पैसे सांगताना ते थोडा वेळ बोर्डाकडेच बघत राहिले. "बीएक्स आहे. चांगला बोर्ड. टाकू नका," एवढंच बोलले.

घरी येऊन जोडलं. एक बीप, आणि पडद्यावर अक्षरं! बाबांनी टाळी वाजवली. खाली ओळ आली, सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड. बोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२, केव्हाच मेला होता. नवा घातला, तारीख-वेळ भरली, सेव्ह केलं आणि पुढे गेले. ती ओळ मी वाचली, पण तिचा अर्थ मनावर घेतला नाही. पुढच्या दोन अडचणी त्या एका ओळीत होत्या.

डिस्क नवी हवी होती. रविवारी सकाळी जुन्या बाजारात गेले, कुंभारवेशीजवळ. ताडपत्रीवर पाने-पक्कड, पितळी नळ, घड्याळांचे सांगाडे आणि त्यातच हार्ड डिस्कांचा ढीग. ४० जीबीची एक आयडीई डिस्क चारशेला घेतली. ती लावली तर बायॉस (विंडोजच्याही आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) डिस्क ओळखायच्या जागी येऊन गोठलं, कीबोर्डाचे दिवेही बदलेनात. डिस्क खराब निघाली असं वाटून मी ती पिशवीत परत भरलीही होती. पण तिच्या पाठीवरच्या लेबलावर जंपरची, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या इवल्या टोपीची, आकृती होती आणि त्यात एका जागेवर ३२ जीबी लिहिलं होतं. त्या काळातल्या बऱ्याच बायॉसना ३३.८ जीबीच्या वरची डिस्क मोजताच येत नाही, मोजायला गेलं की ते अडकतं. जंपर त्या जागेवर सरकवला की डिस्क स्वतःला लहान सांगते. चिमट्याने जंपर हलवला, डिस्क दिसली. १४२ पानांसाठी ३२ जीबी म्हणजे ओसरीच्या जागी मैदान.

आमची विंडोजची सीडी स्वतःहून बूट होणारी नव्हती, म्हणून फ्लॉपी. बाबांच्या डब्यात अकरा फ्लॉप्या निघाल्या, त्यातल्या दोन वाचता आल्या, आणि नशिबाने त्यातली एक बूट फ्लॉपी होती. तिने सीडी ड्राइव्हही ओळखला. आता 'सी' वर जाऊन पाहिलं तर तिथे आधीच फाइली! आकार २ एमबी. मी चक्रावले. मग कळलं की फ्लॉपी मेमरीतच एक छोटी आभासी डिस्क करते आणि तिच्यात फॉरमॅट, स्कॅनडिस्क वगैरे अवजारं उलगडून ठेवते. खऱ्या डिस्कवर पार्टिशन नसेल तर 'सी' हे नाव तीच घेऊन बसते. एफडिस्कमध्ये मोठ्या डिस्कच्या प्रश्नाला होकार देऊन ८ जीबीचं पार्टिशन केलं. ते लिहिताना पडद्यावर एक चौकट आली, बूट सेक्टर बदलला जातोय, चालेल का? वाय दाबलं. रीबूट करून फॉरमॅट केलं, तेव्हाही तीच चौकट, तेच वाय.

सीडीवरचं विन९८ फोल्डर आधी हार्ड डिस्कवर उतरवून तिथूनच सेटअप चालवायचा, हा बाबांचा आग्रह. पुढे ड्रायव्हर घालताना दर वेळी सीडी मागत नाही. कॉपी करण्याआधी स्मार्टड्राइव्ह हे डिस्कचं काम वेगवान करणारं अवजार चालवून घ्यायचं, नाहीतर डॉसमध्ये, म्हणजे विंडोजआधीच्या नुसत्या आज्ञांच्या सिस्टिममध्ये, हेच काम चहा होऊन, जेवण होऊनही संपत नाही.

सेटअप सुरू झाला. निळी पार्श्वभूमी, डाव्या कडेला उरलेल्या वेळाचा अंदाज. आणि एकवीस टक्क्यांवर चौकट: विन९८_३५.कॅब ही फाइल वाचता येत नाही.

आता यात मला खरं शिकायला मिळालं, म्हणून सविस्तर लिहिते. पहिला संशय सीडीवर गेला, ओव्यांच्या सीडीवरची बुरशी मी पाहिलीच होती. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसली, पुन्हा कॉपी केलं, पुन्हा सेटअप. या वेळी तक्रार विन९८_४७ ची. मग केबल बदलली. आता अडखळला अठ्ठाविसावर. सीडी ड्राइव्ह बदलला, फाइली लॅपटॉपवर वाचून नव्या सीडीवर उतरवल्या. पुन्हा पस्तीस. दोन रात्री मी हेच करत होते आणि दर वेळी वाटायचं की आता होईल.

तिसऱ्या रात्री बाबा मागे उभे होते. त्यांना कॅब म्हणजे काय हे ठाऊक नाही, पण आयुष्यभर प्रुफं वाचलेली आहेत. ते म्हणाले, "प्रत्येक वेळी चूक वेगळ्या ठिकाणी आहे का गं? मग चूक कॉपीत नाही. वाचणाऱ्यात आहे."

मी कागदावर आकडे मांडले. ३५, ४७, २८, ३५. सीडीवरचा ओरखडा जागा बदलत नाही. फाइल खराब असती तर दर वेळी तीच अडली असती. कॅब म्हणजे दाबून बांधलेलं गाठोडं, ते सोडताना एक बिट जरी उलटला तरी बेरीज जुळत नाही आणि सेटअप फाइलला दोष देतो. गाठोडं सोडलं जातं मेमरीत. आणि डॉसमध्ये सगळं सुरळीत का चाललं होतं तेही लक्षात आलं: डॉसचं काम बहुतेक पहिल्या ६४० केबीत आणि त्याच्या थोडं वर आटोपतं. दुसऱ्या पट्टीपर्यंत ते पोचतच नव्हतं.

लॅपटॉपवरून फ्लॉपीवर मेमटेस्ट या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती उतरवली आणि चालू ठेवून झोपले. सकाळी पडदा लालेलाल. चुका सगळ्या ६४ एमबीच्या पुढच्या पत्त्यांवर. दुसरी पट्टी काढली. तिचे सोनेरी दात उजेडात धरले तर मधल्या सात-आठ दातांवर काळपट थर होता. तपकीर गल्लीतल्या काकांनी बोर्ड देताना सांगितलं होतं, रॅम चालली नाही तर टाकायच्या आधी खोडरबर मारा. भाचीच्या कंपासपेटीतला पांढरा खोडरबर घेतला आणि एकाच दिशेने, हलक्या हाताने, दोन्ही बाजूंनी फिरवत राहिले. रबराचा कीस काळा होत गेला आणि दात हळूहळू पिवळे चमकायला लागले. कीस मऊ ब्रशने झाडला. पट्टी बसवली, दोन्ही बाजूंचे कान 'टक्' करून मिटले. मेमटेस्ट चार फेऱ्या चालवली. एकही चूक नाही.

सेटअप पुन्हा. एकवीस टक्के गेले, पन्नास गेले, नव्वद गेले. फाइली उतरून झाल्या आणि अगदी शेवटी, पहिल्या रीस्टार्टच्या तोंडावर, सगळं स्तब्ध. माऊसचा बाण हलेना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. बंद करून पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. पण आता मी आकडे बदलतायत का ते बघायला शिकले होते. जागा तीच होती, अगदी तीच, म्हणजे मेमरी नव्हे. त्या क्षणी सेटअप काय करतो? डिस्कचा बूट सेक्टर लिहितो. आणि मला ती चौकट आठवली. एफडिस्कच्या वेळी वाय, फॉरमॅटच्या वेळी वाय. बायॉसमध्ये व्हायरस वॉर्निंग नावाची सोय चालू होती, ती बूट सेक्टरला हात लावणाऱ्या प्रत्येकाला अडवून विचारते. डॉसमध्ये तिचा प्रश्न दिसत होता. सेटअपच्या रंगीत पडद्यामागे ती तोच प्रश्न विचारत असणार, तो मला दिसत नव्हता आणि ती उत्तराची वाट पाहत बसली होती. बायॉसमध्ये जाऊन ती सोय बंद केली. पुढच्या खेपेला रीस्टार्ट झालं, ढगांचं चित्र आलं, प्रॉडक्ट की विचारली, बाबांनी पिवळ्या पडलेल्या प्रमाणपत्रावरून पंचवीस अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. रात्री पावणेबाराला विंडोज सुरू झाल्याचा तो सूर वाजला. आई झोपेतून उठून बाहेर आली आणि दारातच म्हणाली, "दुकानातला आवाज."

डिस्प्लेचा ड्रायव्हर फ्लॉपीवर नव्हता, तो बाबांच्या सीडीत सापडला. पेजमेकर चढलं. मग मराठीचं सॉफ्टवेअर घातलं, लॉक बसवलं, दोन्ही स्क्रू आवळले, इन्स्टॉलर सुरू केला.

लॉक सापडत नाही.

त्या वेळी मी खरंच खचले. एवढं सगळं त्या लॉकसाठी होतं आणि वीस-बावीस वर्षांत आतली चिप गेली असेल तर पुढे काहीच नव्हतं. पिना स्पिरिटने पुसल्या. प्रिंटरची केबल पाठीवर लावून पाहिली, काढून पाहिली. काही नाही. बाबा काहीच बोलले नाहीत, लॉक हातात घेऊन त्यावरची तारीख बघत राहिले. मग म्हणाले, "हे बसवायला जो मुलगा आला होता ना, त्यालाही पहिल्यांदा चाललं नव्हतं. तासभर त्या निळ्या पडद्यात काहीतरी शोधत होता. मग चाललं."

निळा पडदा म्हणजे बायॉस. आणि सीमॉसची ती ओळ आत्ता मला लागली. सेल मेला तेव्हा बोर्ड सगळं विसरला होता आणि कारखान्यातून आला तसा झाला होता. १९९९ मध्ये त्या मुलाने जे बदललं होतं तेही त्यात पुसलं गेलं. व्हायरस वॉर्निंगही अशीच पुन्हा चालू झालेली. मशीन तेच होतं, पण त्याला काम शिकवणाऱ्या माणसाची खूण गेली होती.

बायॉसमध्ये जोडलेल्या पोर्टांच्या पानावर गेले. पॅरलल पोर्टाचा पत्ता ३७८ होता, इंटरप्ट ७, म्हणजे तिथे चूक नव्हती. खाली मोड: ईसीपी. हा मोड वेगवान प्रिंटर आणि स्कॅनरसाठी, त्यात पोर्ट मधे स्वतःची रांग लावतो. साधा हो-नाहीचा सवाल-जवाब करणारी जुनी लॉकं कित्येकदा त्यात गोंधळतात. मोड बदलून साधा एसपीपी केला, सेव्ह केलं. विंडोजने नवा पोर्ट सापडल्याचं सांगितलं, पुन्हा एकदा बंद-चालू केलं. इन्स्टॉलर लावला. त्याने लॉकबद्दल एक अक्षरही न विचारता फॉन्ट उतरवायला सुरुवात केली.

मी पेजमेकरची फाइल उघडली. पहिलं पान यायला सात-आठ सेकंद लागली असतील, ओळ वरून खाली उमटत गेली. आधी चौकटी, मग मथळा, मग चार चार ओळींच्या ओव्या, डाव्या समासात गावाचं नाव आणि गाणाऱ्या बाईचं नाव. रफार जागच्या जागी. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

बाहेर नेण्याचा मार्ग मी आधीच शोधून ठेवला होता. पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर निवडून कागदाऐवजी फाइलमध्ये छापायचं. फॉन्ट त्या फाइलमध्येच जातात, नंतर लॅपटॉपवर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने त्याची पीडीएफ होते आणि तिला लॉकबिक काही लागत नाही. विंडोज ९८ ला पेनड्राइव्ह आपोआप कळत नाही, म्हणून डिस्कच काढून यूएसबीच्या केबलीने लॅपटॉपला लावायची. पण त्याआधी बाबा म्हणाले, दोन दिवस थांब, तिला येऊ दे.

रविवारी आत्याला रिक्षाने आणलं. तिला आधी काही सांगितलं नव्हतं. खुर्चीत बसवली, पडदा तिच्याकडे वळवला. ती बराच वेळ नुसती वाचत होती, ओठ हलत होते. मी पान उलटायची आणि ती बोट वर करून 'थांब' म्हणायची. त्रेसष्टाव्या पानावर तिने पडद्यावर नख टेकवलं. "हा शब्द चुकलाय. मी प्रुफात लाल केला होता. 'मांडव' नाही रे, 'माळवं' आहे. ती बाई रानातल्या भाजीचं गात होती."

"मला आठवतंय तुझं लाल," बाबा म्हणाले. "तेव्हा राहिलं ते करायचं."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. बाबा मराठी टायपिंग शिकले गोदरेजच्या टाइपरायटरवर, चाळीस शब्दांची परीक्षा दिलेले, आणि हे सॉफ्टवेअर त्याच टाइपरायटरच्या कळांचा आराखडा देतं. कीबोर्डावर एकही मराठी अक्षर छापलेलं नव्हतं. त्यांनी बोटं मधल्या ओळीवर ठेवली, डोळे पडद्यावर होते, खाली बघितलंच नाही. 'मांडव' खोडला गेला आणि त्या जागी 'माळवं' उमटलं.

"पुढचं पान," आत्या म्हणाली.